चिकात बुडालेला तुझ्या आईचा फोटो

ये बाई, ये. जवळ सरकून बस. तू तिकडे पुण्यात आणि मी इकडे नाशिक रोडला, तरी बस. मी वही उघडलीय आणि तू समोर आहेस असं धरूनच लिहिणार आहे. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला दुसरं कसं लिहिता येणार? बोलते तसं लिहिते. पण आधी मला तुला रागवायचंय. परवा फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलंस, "मावशी, पिल्लूचे सहा हजार फोटो झाले." मी विचारलं, कुठे ठेवलेस? तर म्हणे फोनमध्ये. आणखी कुठे? तर नुसतीच हसलीस. "करायचंय गं, वेळच होत नाही." अगं, पोरीने पहिल्यांदा वरणभात थुंकला त्याचे चाळीस फोटो काढायला वेळ होतो, आणि ते नीट ठेवायला होत नाही? तुझी आई असती तर तिने तुझा कान धरला असता. ती नाही म्हणून मी धरते. दुखलं तर दुखू दे.

मला सांग, वर्षाच्या कुरडया आपण एका डब्यात ठेवतो का? एक डबा ओट्यावर हाताशी, एक माळ्यावर, आणि एक बहिणीच्या घरी. एखाद्या डब्याचं झाकण सैल राहिलं, पावसाळ्यात ओल शिरली, की वरपासून खालपर्यंत सगळा डबा जातो. म्हणून तीन डबे. हे मला परकरात होते तेव्हापासून माहीत. आणि तरी तुझ्या आईचा तो एक फोटो मी एकाच डब्यात ठेवला. तोही असा डबा, की जो मी रोज हातात घेऊन घरभर फिरते, मोरीत नेते, उशीखाली दाबते.

हो, तोच फोटो. संक्रांतीपासून तू मागत होतीस आणि मी "नेट नाही गं" म्हणत होते तो. त्याचं काय झालं ते आज सगळं सांगते. पण मध्येच वाचायचं सोडून मला फोन करायचा नाही. शेवटपर्यंत वाचायचं.

गेल्या उन्हाळ्यात तुझी आई माझ्याकडे कुरडया करायला आली होती. दरवर्षीच यायची. तिच्या हातात जोर आणि माझ्या तोंडात, अशी आमची वाटणी. मी खाली चीक शिजवायचा आणि गरम गरम पातेलं वर पोचवायचं, तिने गच्चीवर सोऱ्यातून कुरडया पाडायच्या. तुझ्या काकांना कावळे हाकायला बसवलं होतं. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेला माणूस, पहारा म्हटला की अंगात येतं. खुर्ची, काठी, डोक्यावर काळी छत्री. तुझ्या आईला ऐटीत सांगत होते, "ताई, तुम्ही निर्धास्त राहा. मी इथे असताना एक कावळा गच्चीवर उतरायची हिंमत करणार नाही." आणि हे बोलत असतानाच एक कावळा आला आणि बरोबर यांच्या छत्रीवर बसला. यांना पत्ता नाही. हे खाली बसून पहाऱ्याचं महत्त्व सांगतायत आणि तो वर बसून मान वाकडी करून ऐकतोय.

तुझी आई हसली. अशी हसली, अशी हसली, की सोऱ्या हातात गदगदा हलायला लागला आणि कुरडईचा आकार सुटून जिलबी झाली. आणि मी फोटो काढला.

आता या फोटोचं एवढं काय, ते तुला माहीत आहे, पण कारण माहीत नसेल. तुझी आई हसताना कायम तोंडावर हात घ्यायची. तुझ्या लग्नाच्या अल्बममध्ये बघ, प्रत्येक ठिकाणी एक तर ओठ मिटलेले, नाही तर पदर किंवा पंजा. पुढचा दात अर्धा तुटलेला होता ना. तो दात माझ्यामुळे तुटला. लहानपणी ती हापशाच्या तोटीला तोंड लावून पाणी पीत होती आणि मी, पाणी जोरात यावं म्हणून, दांडा असा हापसला की तोटी थरथरून तिच्या दातावर बसली. आमच्या आईला तिने सांगितलं की ती पायरीवर पडली. साठ वर्षं कुणाला खरं सांगितलं नाही, आणि साठ वर्षं तोंड झाकून हसली. त्या दिवशी तिचे दोन्ही हात सोऱ्यावर होते. हात मोकळा नव्हता म्हणून तोंड मोकळं राहिलं. अख्ख्या जन्मातला तिचा तेवढा एकच उघडा हसरा फोटो. तुटक्या दातासकट.

दिवाळीनंतर ती गेली. संक्रांतीच्या सुमारास तुझा फोन आला, "मावशी, वर्षश्राद्धाला आईचा तो तुझ्या फोनमध्ये पाहिलेला गच्चीवरचा फोटो फ्रेम करायचाय. पाठव ना." मी म्हटलं, पाठवते. आणि नाही पाठवला. आधी म्हटलं नेट नाही. मग म्हटलं नेट आहे पण फोटो जड आहे. मग म्हटलं सूनबाई ऑफिसला गेलीय, ती आली की. मग म्हटलं चष्म्याची काडी तुटली. एकदा तर मी तुझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता म्हटलं, "नेटच नाही गं," आणि तू म्हणालीस, "मावशी, मग आपण बोलतोय कशावर?" मी पटकन फोन पालथा घातला. का पाठवत नव्हते, ते पुढे येईल. थांब जरा.

त्याआधी तुझ्या काकांचा पराक्रम ऐक. सूनबाईने माझ्या फोनवर अशी सोय करून दिली होती की काढलेला प्रत्येक फोटो आपोआप वर जाऊन साठतो. क्लाउड म्हणतात. फोन हरवला तरी फोटो वर शाबूत. मी तिला म्हटलं, छान, माळ्यावरचा डबा म्हण की! पण तुझ्या काकांनी ते ऐकलं आणि त्यांचा डोळा फडफडायला लागला. हा माणूस नोकरीभर रोज गेटवर झडती देऊन घरी आलेला. साधा कागदाचा कपटा गेटबाहेर जायचा नाही, हे यांच्या रक्तात. यांनी विचारलं, "वर म्हणजे कुठे?"

सूनबाई म्हणाली, "बाबा, सर्व्हरवर."

"तो कुठे असतो?"

"असतो कुठेतरी. बाहेरच्या देशातही असेल."

"किल्ली कोणाकडे?"

"किल्ली नसते बाबा. पासवर्ड असतो."

"म्हणजे किल्ली नाही, गोदाम माहीत नाही, पहारेकरी माहीत नाही, आणि आपल्या घरातल्या बायका-पोरांचे फोटो रोज गेटबाहेर चाललेत?"

ती ऑफिसला गेल्यावर यांनी चष्मा लावून, कागदावर पायऱ्या लिहून घेऊन, ती सोय बंद केली. मला दाखवून केली. मी कौतुकाने चहा ठेवला. हे सगळं कुरडयांच्या आधीच्या हिवाळ्यातलं. म्हणजे तुझ्या आईच्या फोटोआधी काही महिने आमचं गेट बंद झालं होतं.

आता या वर्षीच्या कुरडया. तुझी आई नाही, तर करू नयेत असं वाटत होतं. पण गव्हाला काय कळतं? मी सवयीने तीन दिवस आधी भिजत घातला होता. आणि त्यात आमच्या विहीणबाई. सूनबाईची आई गं, दिंडोरीच्या पुढे राहते, तुझ्या डोक्यावर अक्षता टाकून पहिल्या पंगतीला बसली होती ती. लेक नांदायला आल्यापासून त्या माझ्या वाळवणाच्या मागे. त्यांनी ग्रुपवर टाकलं, "शहरातल्या पाण्यात चीक चकाकत नाय." माझं डोकं फिरलं. म्हटलं, थांबा, दाखवतेच.

चीक शिजून असा काचेसारखा झाला होता. गॅसवर पातेलं, एका हातात ढवळायचा लाकडी घाटा, दुसऱ्या हातात फोन. व्हिडिओ काढताना मी बोलतही होते, "बघा हो विहीणबाई, हा आमचा शहरातला चीक, आता बोला..." आणि चकाकी नीट दिसावी म्हणून फोन खाली नेला, आणखी खाली नेला, वाफेने हात ओला झाला, आणि फोन गेला. आवाजसुद्धा झाला नाही. चिकात पडलेली वस्तू बुडत नाही गं, ती हळूहळू आत जाते. मी घाटा घेऊन बघत राहिले आणि फोन आरामात, लोडाला टेकावं तसा, आत गेला.

आणि तुला खरं सांगते, लाज वाटते, पण सांगते. पहिला विचार माझ्या मनात आला तो चिकाचा. तीन दिवसांचा गहू! मी ओरडले, "अहो, चीक गेला!" हे धावत आले. चिमट्याने फोन बाहेर काढला, तो असा लांबच लांब तारा घेऊन आला, आणि हे म्हणाले, "चीक जाऊ दे, यात फोटो होते का काही?"

तेव्हा मला तुझ्या आईचा फोटो आठवला. मी खाली बसले, तशीच, फरशीवर.

मग आमचे उपचार सुरू झाले. कोपऱ्यावरची शेजारीण म्हणाली तांदळात ठेवा, तांदूळ पाणी ओढतो. इंद्रायणीच्या डब्यात पुरला. पण पाणी असेल तर ओढेल. चीक कसा ओढणार? तो आत थिजला. मग हे म्हणाले ऊन द्या. म्हणून गच्चीवर, स्वच्छ धोतराच्या पानावर, फोन वाळत घातला. शेजारच्या गच्चीवर त्यांच्या कुरडया आणि आमच्या गच्चीवर एकटा फोन. आणि काका राखणीला. छत्री, काठी, खुर्ची. तेवढ्यात कावळा आला, दोनदा टोच मारून बघितली आणि तोंड वाकडं करून गेला. शेजारीण कठड्यावरून विचारते, "काय हो, यंदा एकच केली?"

तिसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. चांगला वयस्क माणूस, डोळ्याला भिंग. फोन उघडला, बराच वेळ आत बघितलं, पिनेने थोडं खरवडलं, वास घेतला.

"आजी, यात हिंग आहे का?"

म्हटलं, हो. आणि मीठ.

"पाण्यातून काढलेले फोन मी जिवंत केलेत. चहातून काढलेत. हा मात्र..." असं म्हणून त्याने आतला पांढरा कडक पापुद्रा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "ही तळा. बाकी काही राहिलं नाही."

रिक्षाने परत निघालो. घर जवळ आल्यावर हे म्हणाले, "गेट मी बंद केलं ना?" मी रिक्षावाल्याला आमची गल्ली दाखवली. उत्तर दिलं असतं तर दोघंही रडलो असतो, आणि रिक्षावाला बिचारा नवा होता.

सूनबाईने संध्याकाळी येऊन सगळं शोधलं. वर, क्लाउडवर, माझे फोटो होते. नातवाचं बारसं, त्र्यंबकला काढलेला आमचा दोघांचा माकडासोबतचा फोटो, माझ्या दुखऱ्या गुडघ्याचे डॉक्टरला दाखवायला काढलेले अकरा फोटो. आणि त्या हिवाळ्यापाशी सगळं थांबलेलं. त्यापुढे काही नाही. ती तुझ्या काकांना काही बोलली नाही गं, चांगल्या वळणाची आहे. नुसतं म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला पेन ड्राइव्हवर पण काढून दिले होते ना? तो कुठे आहे?"

यांचा चेहरा उजळला. तरातरा देवघरात गेले. देवघरात! म्हणे, मौल्यवान वस्तू म्हणून अन्नपूर्णेच्या मागे डबीत ठेवली होती. डबी उघडली तर पेन ड्राइव्हला हळद, कुंकू, अक्षता आणि एक वाळलेलं झेंडूचं फूल चिकटलेलं. सूनबाईने माझ्याकडे बघितलं. मी यांच्याकडे बघितलं. यांनी आढ्याकडे.

"खंडेनवमीला," हे म्हणाले, "सगळ्या अवजारांची पूजा करतात. स्क्रूड्रायव्हरची केली, स्कूटरची केली. याची नको करायला?"

कुंकू त्याच्या तोंडात जाऊन गच्च बसलं होतं. पूजा साग्रसंगीत, पाणीही शिंपडलेलं. सूनबाईने जुन्या टूथब्रशने अर्धा तास घासलं, आणि देवाची कृपा बघ, उघडला. आम्ही तिघंही एकमेकांच्या खांद्यावरून बघतोय. मुलाचं लग्न होतं. गणपती होते. पण तो ड्राइव्ह तुझ्या आईच्या त्या उन्हाळ्याच्याही आधी भरलेला. तुझ्या आईचे त्यात तीन फोटो सापडले. तिन्हीत तोंडावर हात.

त्या रात्री मी तुला सूनबाईच्या फोनवरून फोन केला होता, आठवतं? तू विचारलंस, "मावशी, आवाज असा का?" म्हटलं, सर्दी. तू म्हणालीस, "बरं, फोटो बघ ना गं जमलं तर." इतकं हळू म्हणालीस. मला वाटलं, हापशाचा दांडा मी दुसऱ्यांदा मारला. एकदा तिचा दात, आता तिचं हसू.

दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडत बसले आणि एकेक आठवायला लागले. फोटो कुणाकुणाला दाखवला? भजनी मंडळाला. पण दाखवला, पाठवला नाही. शेजारणीला पाठवला असता, पण तिच्याशी तेव्हा नळाच्या पाळीवरून अबोला होता. मुलगा? तो माझे सगळे मेसेज न उघडता अंगठा दाखवतो. आणि मेथीची जुडी हातात असताना एकदम आठवलं. त्या दिवशी गच्चीवरून मी एकाच माणसाला तो फोटो पाठवला होता. आमच्या विहीणबाईंना. का? तर मागच्या पाटीत ओळीने पसरलेल्या आमच्या पांढऱ्याशुभ्र कुरडया दिसत होत्या म्हणून! तुझी आई मला त्यात तेव्हा दिसलीच नव्हती. मी कुरडया पाठवल्या होत्या.

मान गिळून, म्हणजे काय म्हणतात ते, सगळी ऐट गिळून मी सूनबाईच्या फोनवरून विहीणबाईंना फोन लावला. म्हटलं, असा असा फोटो गेल्या उन्हाळ्यात पाठवला होता, असेल का?

"आवो, हाय ना! मी काय पुसत नाय बाई. दुधाची पिशवी टाकत नाय, फोटो कशाला टाकू?"

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, मग पाठवता का?

"पाठवायचं काय, आत्ता पाठवते." मग थांबल्या. "नाय. नाय पाठवत."

"अहो का?"

"किती वरीस झालं तुम्ही माझ्या दारात पाय ठेवून? लेक दिली तुमच्या घरात, तरी तुम्ही आमच्याकडं कधी आला नाय. लग्नात आल्या त्या मांडवातूनच माघारी. फोटो पायजे ना? मग या. जेवायलाच या. बुधवारी या, बाजार असतो, भाजी ताजी मिळती."

आणि ठेवला फोन! माझा नुसता संताप. मी घरभर फिरले. "बघितलंत? फोटो ओलीस धरलाय बाईने! एवढं माणूस तळमळतंय, आणि ही म्हणते जेवायला या! फोटो द्यायचा तर द्यावा की नाही माणसाने?"

तुझे काका पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "आणि तू संक्रांतीपासून भाचीशी काय करत होतीस?"

मी तिथेच थांबले. मला वाटलं होतं यांना काही कळत नाही. यांना सगळं कळत होतं. नेट असताना नेट नाही म्हणते, हे ऐकत होते आणि पेपर वाचत होते.

तर हे बघ, हेच ते. आता सांगते. नेट होतं. रोज होतं, भरपूर होतं. तुझी आई गेल्यापासून तू नाशिकला आली नव्हतीस. आधी महिन्या-दोन महिन्यांनी यायचीस, सिन्नरला पोचलीस की फोन करायचीस, "मावशी, कुकर लाव." दहाव्या-तेराव्याला आलीस ती शेवटची. मला वाटलं, आईच गेली, आता मावशीकडे कशाला येईल? मग तू फोटो मागितलास, आणि माझ्या मनात आलं, पाठवला तर हिचं काम होईल. नाही पाठवला तर कधी ना कधी वैतागून घ्यायला येईल. म्हणून दाबून ठेवला. मांजरीला दुधाची वाटी दाखवावी तसा. आणि दाबून ठेवता ठेवता चिकात घालवला.

बुधवारी मी जुन्या सीबीएस स्टँडवरून एसटीने गेले. हे म्हणाले सोबत येतो, म्हटलं नको, हा माझा अपराध आहे, मी एकटीच भोगते. विहीणबाई थांब्यावर उभ्या. हातातली पिशवी ओढून घेतली, घरी नेलं, पाय धुवायला पाणी दिलं. नागलीची भाकरी, वांग्याची भाजी, ताजं लोणी, आणि ताटाच्या कडेला तळलेली कुरडई. मोगऱ्यासारखी. तार अशी बारीक, की तोंडात घातली आणि नाहीशी. मी चार खाल्ल्या. त्या मोजत होत्या.

जेवण झाल्यावर फोन काढला. त्यांच्या फोनमध्ये, खोटं नाही सांगत, सगळं आहे. सगळ्यांच्या शुभ सकाळी, कुणाच्या बैलाचे, कुणाच्या बोअरच्या पाण्याचे. सरकवत सरकवत, सरकवत सरकवत गेल्या आणि म्हणाल्या, "हा बघा."

फोटो होता! तुझी आई होती, सोऱ्या होता, दात होता. पण मागच्या पाटीतल्या कुरडयांभोवती लाल रंगाचं गोल रिंगण काढलेलं, आणि खाली लिहिलेलं, "तार जाड. चीक कच्चा. असं करू नये."

"हे काय?" मी म्हटलं.

विहीणबाई जराशा वरमल्या. "आमच्या बचत गटाच्या बायांना शिकवायला पाठवला होता. तुमचं नाव नाय टाकलं!"

म्हणजे दिंडोरी तालुक्यातल्या निम्म्या बायका माझ्या कुरडया बघून काय करू नये ते शिकल्या. दुसरा दिवस असता तर मी तशीच उठून एसटी गाठली असती. त्या दिवशी मी त्या लाल रिंगणाला हात जोडायचे बाकी ठेवले होते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशा त्या घाबरल्या. "आवो, ह्याच्या आधीचा साधा पण हाय, रिंगणाशिवायचा! हा बघा, हा बघा." आणि रिंगणाशिवायचा फोटो समोर धरला.

मग बराच वेळ आम्ही दोघी तो बघत बसलो. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला, तुझ्या आईचा चेहरा पडदाभर. म्हणाल्या, "लय मोकळं हसल्यात. माझ्या आईचा माझ्याकडं एक बी फोटो नाय. मतदान कार्डावर होता, तो पण काळा ठिक्कर, आई का कोण वळखू येत नाय. म्हणून मी काय पुसत नाय बघा. बैलाचा बी नाय पुसत."

मी त्यांच्याशी कुरडयांवरून नऊ वर्षं भांडत होते, आणि हे मला माहीत नव्हतं. विचारायला दारात गेलेच नव्हते ना.

आता आमची व्यवस्था ऐक, आणि कानात ठेव, तुला हीच करायचीय. सूनबाईने गेट पुन्हा उघडून दिलं. तुझ्या काकांनी स्वतः पासवर्ड ठरवला, आणि तो इतका कठीण ठरवला की आता त्यांना तो रोज सकाळी स्तोत्रासारखा म्हणावा लागतो. तो झाला माळ्यावरचा डबा. दुसरी एक छोटी हार्ड डिस्क, ती आमच्या कपाटात. तिची पूजा करायची नाही असं मी कपाटाच्या दारावर आतून लिहून चिकटवलंय. आणि तिसरी तशीच डिस्क विहीणबाईंकडे, म्हणजे आमच्या घराला काही झालं तरी फोटो दिंडोरीकडे शाबूत. त्यांच्या बैलासकट सगळे फोटो आमच्याकडे. सणासुदीला आम्ही अदलाबदल करतो, नवीन फोटो भरायला. पहिली अदलाबदल आत्ताच अक्षय्य तृतीयेला झाली. त्या आल्या, दोन दिवस राहिल्या, माझा सोऱ्या हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "चकती जुनी हाय, म्हणून तार जाड." चकती नवी आणली. तुझे काका दारात वही घेऊन उभे. डिस्क आत आली, वेळ लिहिली, सही घेतली. विहीणबाईंनी अंगठा उमटवते म्हणून चेष्टा केली, तर हे खरोखरच शाईचं पॅड शोधायला गेले.

सूनबाई म्हणते, विहीणबाईंकडचा फोटो मूळचा नाही, पाठवताना लहान झालेला आहे. भिंतभर फ्रेम केली तर फिकट दिसेल. पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी करायची, तेवढ्यात छान येतो. दात नीट दिसतो. मी बघून घेतलं.

आणि आता शेवटचं. हे पान लिहून झालं की सूनबाई सगळी पानं तुला पाठवणार आहे, आणि त्याच्याआधी फोटो. कदाचित फोन वाजलाही असेल. उघडून बघ. नेट आहे. मी तो तुझ्याकडे पाठवला, तुझ्या नवऱ्याकडे पाठवला, भजनी मंडळाला पाठवला, शेजारणीशी अबोला सोडून तिलाही पाठवला. आता तो माझ्या एकटीच्या हातात नाही, आणि मला दाबून ठेवायला काही उरलं नाही. तुला यायला काही कामही उरलं नाही.

तरी ये गं. पिल्लूला घेऊन ये. चाकणला गाडी अडकते म्हणून पहाटेच नीघ. तिला सोऱ्या फिरवायला देऊ, दोन्ही हातांनी, आणि काकांना छत्री घेऊन समोर बसवू. चकती नवी आहे. पुढच्या रविवारी ये, नाही तर त्याच्या पुढच्या. सिन्नरला पोचलीस की फोन कर, मी कुकर लावते.